देबेचं पाऊल

"कुणाचं?" तिकायमामाने विचारलं.

मी खड्ड्याच्या कडेला गुडघ्यांवर बसले होते. खड्ड्यात शहामृगाच्या अंड्यांची नऊ कवचं होती. पाणी भरून, तोंडाला गवताचा बोळा आणि मेण लावून आम्हीच पुरलेली. सहा जड होती. उरलेली तीन उचलताना हात एकदम वर आला, भरलेलं समजून रिकामं भांडं उचललं की येतो तसा. कुणीतरी पाणी पिऊन गेलं होतं. बोळे परत नीट बसवले होते, वाळू ओढली होती आणि वरून फांदी फिरवून पावलं पुसली होती.

एक राहिलं होतं. काटेरी झाडाच्या बुंध्याला लागून, मुळं वर आलेली असतात आणि फांदी नीट फिरत नाही तिथे. अर्धंच पाऊल. चवडा आणि बोटं.

"चुको, तुला विचारतोय. कुणाचं पाऊल?"

मला ते ओळखू आलं होतं. मी मान वर केली नाही. मामा उत्तरासाठी थांबला होता. माझा नवरा गाशे थोडा पुढे जाऊन, इथून बाहेर पडलेली वाट सापडते का ते बघत होता. आणि आई आमच्याकडे पाठ करून कंद खणत होती.

तिथे कंद नव्हता.

*

तीन दिवस मागे जाते.

बाहेरचे लोक आम्हाला सान म्हणतात. आम्ही स्वतःला नुसतं माणसं म्हणतो. आता मी सरकारी वस्तीत राहते, नळासमोर रांग लावते आणि रांगेत भांडतेही. तेव्हा मी नळ पाहिलेला नव्हता. कलाहारीच्या वाळूत आमचं एक खोलगट होतं. पावसाळ्यात तिथे तळं व्हायचं आणि उन्हाळा संपत आला की नुसती ओली वाळू उरायची. त्या वाळूत लांब पोकळ काडी खुपसायची, टोकाला गवत बांधायचं म्हणजे रेती येत नाही, आणि तोंडाने ओढत बसायचं. ओढलेला घोट गिळायचा नाही, अंड्यात सोडायचा. एक अंडं भरायला दोन बायकांना सकाळ पुरायची नाही. गाल दुखायचे, ओठ फुटायचे. त्या वर्षी तर काडीतून पाण्यापेक्षा वाराच जास्त यायचा.

आम्ही पोराबाळांसकट तेरा जण होतो, पण या गोष्टीत बोलणारे थोडेच. मामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, आमच्यात मोठा. त्याच्या डोळ्यांवर पांढरं आलं होतं आणि एक पाय जुन्या पडण्यामुळे वळत नव्हता. आईचं नाव बाऊ. आई एक क्षण गप्प बसायची नाही. गाशे मला लग्नात मिळाल्यापासून आमच्याकडेच राहून आमच्यासाठी शिकार करत होता, तशी रीत आहे. सासू-जावयाने आमच्यात एकमेकांशी थेट बोलायचं नसतं, म्हणून आई शेकोटीशी बोलायची आणि गाशेने ते ऐकायचं. "शेकोटी गं, कुणीकुणी लोक रिकाम्या हाताने येतात आणि तरी पाय पसरून बसतात," असं. गाशे पाय जवळ घ्यायचा.

आणि मी. मी लहानपणापासून वाळू चांगली वाचायचे. जनावरांची तर सगळेच वाचतात. मी माणसांची वाचायचे. कोण गेलं, ओझं होतं की नव्हतं, रागात होतं की आजारी. मामाचे डोळे गेल्यापासून तो मलाच बरोबर न्यायचा. मी सांगेन ते खरं, असं झालं होतं.

*

"दिसत नाहीये का?" मामा म्हणाला.

"दिसतंय. पुसट आहे."

पुसट नव्हतं.

*

ते दुपारी आले. एक पुरुष, एक बाई, दक्षिणेकडून. आमच्या वस्तीपासून लांब, आवाज पोचेल पण बाण पोचणार नाही इतक्या अंतरावर बसले. धनुष्य आणि भाता त्याने झाडाला टेकवला आणि चार पावलं पुढे आला. हे सगळं रीतीप्रमाणे होतं. त्यामुळे मामाला बरं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं.

कारण आदल्या वर्षी असाच एक जण आला होता. तोही रीतीप्रमाणे बसला, आमचं मांस खाल्लं, पाणी प्यायला, आमच्या पोरांना हसवलं आणि गेला. चंद्र एकदा पूर्ण होऊन परत झिजला तेव्हा पूर्वेच्या खोलगटावर घोड्यांवरची माणसं आणि दोनशे गुरं आली. गुरांनी ते पाणी चार दिवसांत संपवलं आणि चिखल तुडवून दगडासारखा केला. तिथे मग काडी शिरायची नाही. पाणी कुठे आहे हे गुरांच्या मालकांना वाळूने सांगितलं नव्हतं.

आणि हे दोघं दक्षिणेकडूनच आले होते. भाषा आमचीच, पण आमच्या बोलण्यात जिभेच्या टिचक्या असतात त्या यांच्या जरा पुढच्या दातांवर वाजायच्या. गुरांच्या ठाण्यावर काम करत होतो, तिथल्या पंपावरून हाकललं, असं तो म्हणाला. बाईचे ओठ फुटून काळे पडले होते. तिच्या पायांना कातड्याच्या पट्ट्या बांधलेल्या होत्या.

मामाने त्याला नाव विचारलं.

आमच्यात नावं मोजकी असतात आणि तीच फिरत राहतात. ज्याचं नाव माझ्या भावाचं, तो माझा भाऊ, मग मी त्याला जन्मात पाहिलेलं नसो. त्याच्याशी कसं बोलायचं, चेष्टा करायची की नाही, पाणी द्यायचं की नाही, सगळं नावाने ठरतं. ज्याचं नाव आपल्यात कुणाचंच नाही, तो कुणीच नाही. त्याला काही सांगता येत नाही. त्याला बसवायचं कुठे हेसुद्धा कळत नाही.

तो थोडा थांबला. मग म्हणाला, "देबे."

देबे माझ्या बापाचं नाव. बा दोन उन्हाळ्यांपूर्वी वारला होता, साप चावून.

सगळ्या बायका हात थांबवून आईकडे बघायला लागल्या. नवऱ्याच्या नावाचा माणूस दारात आलेला. दुसरी कुणी असती तर रडली असती. आई असती, म्हणजे नेहमीची आई असती, तर म्हणाली असती, इतके दिवस कुठे उलथला होतास. तशी चेष्टा तिला करता येते, तो तिचा हक्कच. पण आईने काही म्हटलं नाही. ती एक काडी मोडत बसली. मला वाटलं, तिला बाची आठवण आली.

मामाने विचारलं, "कुणाचा देबे?"

त्याने आजाचं नाव सांगितलं, लांबच्या कुठल्या तरी ठिकाणाचं. पडताळून बघता येणार नाही असं.

मी त्यांना एक अंडं नेऊन दिलं. चार दिवस चालत आलेली माणसं. आधी बाई प्यायली, मग तो. त्याने घोट घेतला, खाली ठेवलं, तोंड पुसलं, परत घेतला.

संध्याकाळी मामाने मला जवळ बसवून हळू विचारलं, कसे प्यायले. मी सांगितलं. मामा बराच वेळ आपला वळत नसलेला पाय चोळत राहिला.

"तहानलेला माणूस असा पीत नाही," तो म्हणाला. "यांनी वाटेत कुठेतरी प्यायलंय. या वाटेवर आपल्याशिवाय कुणाचं पाणी नाही."

*

तो दुसऱ्या दिवशी पहाटे उठून आमच्यासाठी सरपण घेऊन आला. सगळ्यांना संशय आला. तो सरपण न आणता बसून राहिला असता तरी आला असता.

त्याने गवताच्या दोरीचा फास लावून एक रानकोंबडी पकडली आणि ती आईपुढे ठेवली, नवऱ्याने ठेवावी तशी. आईने ती न बघता मामाच्या मुलीकडे सरकवली. मामाच्या मुलीने खाताना म्हटलं, मांस बरंय, पण ते पाणी मागायला आलेलं मांस आहे.

त्याने गाशेला विचारलं की पुढचं पाणी किती लांब आहे. गाशेने पूर्वेकडचं, मेलेलं खोलगट दाखवलं. मग मला येऊन म्हणाला, "पाणी कुठंय हे कोण विचारतं? ज्याला प्यायचंय तो की ज्याला सांगायचंय तो?"

"ज्याला प्यायचंय तोही विचारतोच की," मी म्हणाले.

"तू त्याची बाजू घेतेयस?"

मी कुणाचीच घेत नव्हते. मी त्याला अजून कशानेच हाक मारली नव्हती. पाणी देताना नुसतं पुढे करायचे. मामाने मला बजावलं होतं: बाकीच्यांनी त्याला देबे म्हटलं तर ते नुसतं नाव घेणं झालं. पण मी देबेची मुलगी. मी एकदा 'बा' म्हटलं की तो माझा बाप, मामाचा मेव्हणा, पोरांचा आजा. मग त्याला हाकलता येणार नाही. आमच्या पाण्यावर त्याचा हक्क, माझ्याइतकाच.

"म्हणून जपून," मामा म्हणाला. "तो शब्द तुझ्याकडे आहे."

दोन तोंडं वाढली तर काय होणार हे मामा बोलला नाही. आम्ही सगळ्यांनी आपापल्या मनात मोजलं होतं. पाऊस वेळेवर आला नाही तर इथलं पाणी संपेल आणि उत्तरेच्या झऱ्याकडे तीन दिवस चालावं लागेल. मामाचा पाय तीन दिवस चालणारा नव्हता. आणि त्या दोघांना तसंच परत पाठवलं तर दक्षिणेकडे चार दिवस पाण्याचा थेंब नव्हता. बाईचे पाय एक दिवससुद्धा टिकले नसते.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो अग्नीच्या काड्या घासायला खाली वाकून बसला होता. मामा मागून म्हणाला, "देबे."

मोठ्याने नाही, नेहमीच्या आवाजात.

त्याने वळून बघितलं नाही. काड्या घासत राहिला. मग त्याच्या बायकोने त्याच्या कोपराला बोट लावलं आणि तो वळला. "मला म्हणालात?"

गाशेने भात्याचं झाकण बोटाने वर केलं आणि परत बसवलं. बाणांच्या टोकांना किड्याच्या अळीचं विष असतं, ते कुणी उगाच हाताळत नाही. आईने तेवढ्यात मोठ्याने पोरांना झापलं, कारण नसताना. दोन दिवसांत तिचा आवाज ऐकू आला तो तेवढाच.

*

चौथ्या दिवशी सकाळी मामा म्हणाला, पुरलेलं पाणी बघून येऊ. त्या खड्ड्याची जागा फक्त मोठ्यांना माहीत होती. मामा, गाशे आणि मी निघालो. आई म्हणाली, तिकडे कंद आहेत, मीही येते. मामाच्या मुलींच्या नवऱ्यांना मामाने पाहुण्यांजवळ बसायला सांगितलं. तो त्याला देबे म्हणत नव्हता, पाहुणा म्हणत होता.

गाशेने वाटेत चेष्टा केली, की मामा, अंडी सगळी भरलेली निघाली तर काय कराल, पाहुण्याची माफी मागाल का. मामा म्हणाला, भरलेली निघाली तर तुझ्यापासून सुरुवात करून सगळ्या शेंबड्या शिकाऱ्यांची मागेन.

भरलेली निघाली नाहीत.

फांदीच्या रेघा बघून गाशे तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला आणि उठून लगेच बाहेरची वाट शोधायला गेला. मामाला रेघा दिसत नव्हत्या, पण मी सांगितल्यावर तो नुसता मान हलवत राहिला. ज्याला चोरी करायची तोच पावलं पुसतो. आता फक्त मी एक शब्द बोलायचा होता. म्हणजे तो गृहस्थ आणि त्याची बायको आज दुपारी दक्षिणेकडे चालायला लागले असते, रिकाम्या हाताने.

मी बोलले नाही कारण मी वाळू बघत होते.

रात्री वाळूत काळे किडे फिरतात. त्यांच्या पायांच्या बारीक माळा राहतात. फांदीच्या रेघांवरून अशी एक माळ गेली होती, काल रात्रीची, कडा धारदार. दुसरी परवाची, कडा जरा ढासळलेली. आणि त्याखाली तिसरी, वाऱ्याने जवळजवळ बुजवलेली. तीन रात्री. म्हणजे हे पाणी, ते दोघं आले त्याच दिवशी प्यायलं गेलं, ते वस्तीवर यायच्या आधी.

इथपर्यंत मामाचं बरोबर होतं.

पण त्या दिवशी सकाळी त्या माणसाचं पाऊल आमच्यापैकी कुणी बघितलेलंच नव्हतं. आमच्या लेखी ते कुणाचंच पाऊल नव्हतं. ते पुसायची त्याला काय गरज? पुसायची गरज पडते ती ज्याचं पाऊल इथे पोरंसुद्धा ओळखतात, त्याला.

मग मी बुंध्याजवळचं ते अर्धं पाऊल बघितलं. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

*

मागे खणण्याची काठी वाळूत खचखच आपटत होती.

"चुको," मामा म्हणाला. "मी म्हातारा झालो, पण एवढा वेळ लागायला तू अजून झालेली नाहीस."

"माझ्या बाचं," मी म्हणाले.

"तुझा बा दोन उन्हाळ्यांपूर्वी गेला."

"देबेचं. वस्तीवर बसलाय त्या देबेचं."

मामाने मान माझ्याकडे वळवली. पांढरे डोळे नेमके माझ्या तोंडावर कधी लागायचे नाहीत, थोडे बाजूला पडायचे. त्या वेळी लागले.

"तू त्याला बा म्हणालीस."

"हो."

"बाने मुलीच्या खड्ड्यातलं पाणी प्यायलं तर ती चोरी होत नाही."

"नाही होत."

"कळून म्हणालीस?"

"हो, मामा."

काठीचा आवाज थांबला होता.

"हात धर माझा," मामा म्हणाला. "कुठे आहे ते पाऊल, मला बघू दे."

मला वाटलं नव्हतं तो असं काही म्हणेल. मी त्याचा हात धरला नसता तर तेच उत्तर झालं असतं. मी धरला आणि बुंध्याजवळ नेऊन ठेवला. त्याने बोटं पसरली आणि ठशावर अगदी अलगद टेकवली, झोपलेल्या पोराच्या तोंडावरची माशी उडवावी तशी. आधी अंगठ्याची जागा. मग पुढचं बोट. मग त्याच्या पुढचं. शेवटच्या खळग्याशी त्याचं बोट थांबलं आणि तिथेच राहिलं.

आई चार-पाच वर्षांची असताना निखाऱ्यांत पाय पडून तिची करंगळी भाजली होती, आणि ती बरी होईपर्यंत मामा तिला पाठीवर घेऊन फिरत होता. ही गोष्ट तो आम्हाला कितीदा तरी सांगायचा. ती किती जड होती याची तक्रार म्हणून सांगायचा.

मी खाली बघत राहिले. त्याने ओरडून गाशेला बोलावलं असतं तर मी काहीच करू शकले नसते. आईचं नाव सगळ्यांसमोर घेतलं गेलं असतं. तेरा जणांचं पाणी तिने परक्यांना पाजलं, तेही लपवून. आमच्यात मारहाण होत नाही, पण बोलणं बंद होतं, आणि वाळवंटात बोलणं बंद झालेला माणूस फार दिवस राहत नाही. आणि मी खोटं बोलले हेही कळलं असतं.

मामाने तळहात सपाट केला आणि पाऊल पुसून टाकलं. एकदा नाही, दोनदा. मग वरून चिमूटभर पालापाचोळा टाकला, वारा आणून टाकतो तसा.

"देबेचंच आहे," तो म्हणाला.

गाशे परत आला तेव्हा तिथे नुसती वाळू होती. त्याने विचारलं, मामाने सांगितलं. गाशेला पटलं नाही, त्याच्या नाकावरून कळत होतं. तो चांगला शिकारी होता, वाकून बघितलं असतं तर त्याला किड्यांच्या माळा दिसल्या असत्या. पण चुकोने पाऊल ओळखलं म्हटल्यावर त्याने वाकून बघितलं नाही.

मामा उठला, पाय सावरत, आणि आईच्या पाठीकडे तोंड करून म्हणाला, "बाऊ, तुझ्या नवऱ्याने आमचं पाणी प्यायलंय. माझा मेव्हणा आहे म्हणून सोडतो. त्याला सांग, पुढच्या वेळी विचारून पी म्हणावं."

आई वळली नाही. काठी हातातच होती.

"पहिला तरी कुठे काही विचारून करायचा," ती म्हणाली. "नावच तसलं आहे."

गाशे फसकन हसला. मग सासूच्या चेष्टेला हसायचं नसतं हे आठवून त्याने तोंड फिरवलं.

*

परत येताना आई माझ्याबरोबर मागे राहिली. मी काही विचारलं नाही. तिने सांगितलं तेही माझ्याकडे न बघता, हातातल्या काठीशी बोलावं तसं.

ती त्या सकाळी मुळं शोधत खूप दक्षिणेला गेली होती. तिथे ते दोघं एका झुडपाखाली पडलेले दिसले. बाई उठत नव्हती. आईने त्यांना हळूहळू खड्ड्यापर्यंत आणलं आणि पाणी पाजलं. मग त्याचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. ते नाव आमच्यात कुणाचंच नव्हतं, मेलेल्यांतसुद्धा कुणाचं नव्हतं. आईने आठवून आठवून बघितलं. आदल्या वर्षी आलेल्या माणसाचंही नाव असंच कुणाचं नव्हतं, आणि आता तसलं नाव सांगून तो वस्तीवर आला असता तर तिकायने त्याला बसूसुद्धा दिलं नसतं.

"मग माझ्याकडे एक रिकामं पडलं होतं, ते दिलं," आई म्हणाली.

"तो गुरांच्या मालकांचा माणूस असला तर?"

"असेल."

"आई."

"मला काय माहीत? मी त्याच्या पोटात जाऊन बघितलं का?" ती जरा चिडून म्हणाली. "बाईची जीभ सुजून तोंडात मावत नव्हती. ती तर खोटी नव्हती."

वस्ती दिसायला लागली. तो शेकोटीजवळ दोघा पहारेकऱ्यांच्या मधे बसला होता आणि उठून उभा राहिला. तोंडावरून वाटत होतं, निघायची तयारी करून बसलाय. त्याच्या बायकोने पायाच्या पट्ट्या घट्ट बांधल्या होत्या. मी पाणी घेतलं आणि पुढे गेले.

"घे, बा," मी म्हणाले.

त्याने अंडं हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं, कितीतरी वेळ, प्यायचं असतं हे विसरल्यासारखं.

*

पाऊस सोळाव्या दिवशी आला. फार नाही, पण खोलगटात साचला. तोपर्यंत आम्ही सगळे कमी प्यायलो. मामा आपला घोट तोंडात फिरवत ठेवायचा आणि बराच वेळ गिळायचा नाही. मी त्याच्याकडे बघायचं टाळायचे. शेवटचे चार दिवस कुणाला धड लघवी होत नव्हती. पोरं रडायची ती आवाज न करता. पाऊस आणखी चार दिवस लांबला असता तर या गोष्टीत मामाचं मरण सांगावं लागलं असतं, आणि ते माझ्या शब्दाने आलेलं असतं. हे मी तेव्हाही मोजलं होतं.

गवत उगवल्यावर ते दोघं पश्चिमेकडे निघाले, तिकडे बाईचे नातलग होते म्हणून. निघताना तो माझ्याकडे एकटा आला. मग म्हणाला, "मुली, माझं नाव—"

"बा," मी म्हणाले, "ऊन चढेल. निघ आता."

तो गेला. त्याची पावलं मी फार लांबपर्यंत बघत राहिले, पश्चिमेकडेच जातायत ना म्हणून. पश्चिमेकडेच जात होती. तरी पुढचा सगळा उन्हाळा दक्षिणेला धूळ उठली की मी हातातलं काम टाकून बघत राहायचे. धुळीतून कधी हरणं निघायची, कधी नुसता वारा. गुरं आली नाहीत. त्या वर्षी आली नाहीत, एवढंच मला सांगता येतं. चार वर्षांनी आली, पण तोपर्यंत ती सगळीकडेच आली होती.

त्या सकाळबद्दल मामा माझ्याशी कधी बोलला नाही. माझ्याशी पूर्वीसारखाच वागायचा, मांसाचा तुकडा पूर्वीइतकाच द्यायचा, चेष्टाही करायचा. पण वाळू वाचायला त्याने मला परत बोलावलं नाही. थोरल्या मुलीच्या मुलीला न्यायला लागला. ती लहान होती, चुकायची, ससा म्हणून कोल्हा सांगायची, आणि मामा तिच्या मागून हेलपाटे घालायचा. एकदा जखमी हरणाचा माग तिने पार उलटा लावला आणि सगळी वस्ती दोन दिवस उपाशी राहिली. तेव्हासुद्धा नाही.

लोकांच्या लक्षात आलंच. बायका विचारायच्या, चुको, तुझी नजर कमी झाली का गं.

मी हो म्हणायचे.